पोस्टमनचा सत्कार

पुणे,
४ मार्च २०२५

ती. आत्यास,
भरतचा शिरसाष्टांग नमस्कार.

फोन का केला नाही म्हणून रागावशील. फोनवर मी बोलतो ते तुला ऐकू येत नाही, आणि तू बोलतेस ते अख्ख्या आळीला ऐकू येतं. शिवाय मामला ऑफिसचा आहे. आमच्या धंद्यात कामाचं कोणी व्हॉट्सॲपवर बोलत नाही. स्क्रीनशॉट निघतो आणि दुपारपर्यंत तालुकाभर फिरतो. पाच रुपयांच्या पाकिटाइतकं सुरक्षित आता काही उरलेलं नाही. मोतीबिंदूमुळे तुला वाचता येत नाही हे ठाऊक आहे. तेव्हा नेहमीसारखं शेजारच्या मोहिनीवहिनीकडून वाचून घे आणि गोष्ट तुझ्यामाझ्यातच राहू दे असं तिला सांग.

काम असं आहे. आपल्या माळदऱ्याच्या मागे म्हसोबाचा डोंगर आहे, तिथं एका कंपनीला दगडाची खाण आणि खडीचा क्रशर टाकायचा आहे. त्यासाठी १ मेच्या ग्रामसभेत ना-हरकतीचा ठराव व्हायला हवा. गावाचं मन वळवायचं काम कंपनीनं आमच्या जनसंपर्काच्या फर्मला दिलं, आणि गाव माझं म्हणून साहेबांनी ते माझ्या गळ्यात घातलं. जमलं तर जुन्नर आणि आंबेगाव दोन्ही तालुके माझ्याकडे येतील. नाही जमलं तर काय, ते साहेबांनी सांगितलेलं नाही.

तू डोंगराखालीच राहतेस. धूळ उडू नये म्हणून कंपनी रोज पाणी मारणार आहे, काळजी करू नकोस.

मला तुझ्याकडून एवढंच हवंय: आपलं गाव आजकाल ऐकतं कोणाचं? सरपंचाचं, बुवांचं, मास्तरांचं? गाव सोडून मला वीस वर्षं झाली. तुझ्याइतकं खरं मला दुसरं कोणी सांगणार नाही.

डोळ्यांचं ऑपरेशन पावसाळ्याआधी करून घेऊ.

तुझा,
भरत

*

माळदरे, ता. जुन्नर,
१२ मार्च २०२५

चि. भरत यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. वाचून घेतलं. साहेबांनी तुझ्या गळ्यात घातलाय तो हार आहे की दावं, हे एकदा हात लावून बघ.

आधी डोंगराचं सांगते. त्या डोंगरातला झरा माझ्या आणि संपतच्या विहिरीला पाणी देतो. सुरुंग लागल्यावर तो झरा कुठल्या फटीत जाईल, हे कंपनीला ठाऊक नाही आणि झऱ्यालाही नाही. संपतनं खाली तीन एकर डाळिंब लावलंय. त्याला म्हटलं, कंपनी पाणी मारणार आहे. तर म्हणतो, "धुळीवर पानी मारत्याल, आत्याबाई. पन पानीच गेलं तर त्याच्यावर काय मारत्याल?"  याचं उत्तर तुझ्याकडे असेल तर कळव.

आता गाव कोणाचं ऐकतं ते. आपल्या सरपंचाचं, सावळेरामचं, लोक ऐकतात, काय करायचं नाही ते कळावं म्हणून. बुवांचं कीर्तन ऐकून लोक रडतात आणि घरी जाऊन पोटभर जेवतात. मास्तर दर तीन वर्षांनी बदलतात. टीव्हीवरचं ऐकून दोघं-तिघं पारावर हिंदीत भांडतात, पण विश्वास त्यावर त्यांचाही नसतो.

गाव ऐकतं ते सोमनाथ पोस्टमनचं. दिसायला काही देखणे नाहीत. बोलायला तर एरंडाच्या वाळक्या फांदीसारखे रुक्ष. पण तू तिसरीत होतास तेव्हाची गोष्ट सांगते. सावळेरामचं लग्न ठरायचं होतं. ओसरीवर तीस माणसं बसलेली आणि मुलीकडचं पत्र आलं. सावळेरामच्या बापानं ऐटीत म्हटलं, "सोमनाथ, मोठ्यानं वाच, समद्यांना ऐकू दे." सोमनाथभाऊ वाचायला लागले. दुसऱ्याच ओळीत आलं की मुलगा बेल्ह्याच्या बाजारात बैल विकतो आणि तिथंच पिऊन पडतो असं कळलं, सबब आमची मुलगी आम्ही देत नाही. बाप म्हणाला, "बास, बास!" पण आधी मोठ्यानं वाच म्हटलं होतं. ते 'कळावे' पर्यंत वाचूनच थांबले. दुसऱ्या दिवशी कोणी विषय काढला तर म्हणाले, "कंचं पत्र?"

त्यांचा कायदा एवढाच आहे. पत्र घेणाऱ्याचं. घेणाऱ्यानं वाचा म्हटलं की अख्खं वाचायचं, एक शब्द गाळायचा नाही. आणि वाचून झालं की त्यातलं आपल्याला काही माहीत नाही. साऱ्या गावाच्या भानगडी अडतीस वर्षं त्यांच्या पिशवीतून गेल्या, पण इकडचा शब्द तिकडे झाला नाही. म्हणून ते कधी स्वतःहून चार अक्षरं बोलले तर लोक हातातलं काम थांबवतात. ऊसतोडीत व्हॉट्सॲपवर रोज पाच बिबटे येतात. लोक सोमनाथभाऊंना विचारतात, कारण ते सायकलवर सगळ्या वस्त्या फिरतात. ते "म्या न्हाई पाह्यला" म्हणाले की शेळ्या बाहेर राहतात. "पाह्यला" म्हणाले की आत.

हे सांगितलं. आता याचं तू करणार काय, तेही कळव.

तुझी आत्या,
चिमाबाई

*

पुणे,
२० मार्च २०२५

ती. आत्यास,
सा. न.

तुझं पत्र साहेबांना वाचून दाखवलं (झऱ्याचा परिच्छेद सोडून). ते खुर्चीतून उठलेच. म्हणाले, असा माणूस शोधायला लोक लाखाचे सर्व्हे करतात आणि तुझ्या आत्यानं पाच रुपयांत दिला.

आता योजना सांगतो. सोमनाथकाका जूनमध्ये निवृत्त होतात. त्याआधी एप्रिलमध्ये 'ग्रामसेवा गौरव' म्हणून त्यांचा सत्कार करायचा. शाल, श्रीफळ, मानपत्र. खाणीचं त्यांच्याशी अवाक्षर बोलायचं नाही. मंचामागच्या पडद्यावर कंपनीचं नाव मोठं असेल, पण ते त्यांच्या पाठीमागे. त्यांना दिसणार नाही, कॅमेऱ्याला दिसेल. मग त्या फोटोचा फ्लेक्स. त्यांनी तोंड उघडायची गरज नाही, किंबहुना उघडूच नये. लोकांना क्रशर आवडायला कशाला हवा? सोमनाथकाका आवडतात, तेवढं पुरे. ते ज्याच्या शेजारी उभे, त्याच्यावर त्यांचा थोडा रंग चढतोच.

दुसरा फायदा. काका बौद्ध वस्तीतले, आणि मान वरच्या आळीतही तेवढाच. एका फोटोत दोन वस्त्या येतात. साहेबांना हे फार आवडलं.

ते नाही म्हणतील अशी भीती नाही. साधा माणूस आहे, खांद्यावर शाल पडली की वाकेल. तरी लाजून मागे सरले तर तू एक शब्द टाक. तुझं ते मोडणार नाहीत. फक्त यातलं काही त्यांना कळू देऊ नकोस. कळलं तर सगळंच मुसळ केरात. मोहिनीवहिनीलाही सांग. हे पत्र वाचून झाल्यावर चुलीत घाल.

तुझा,
भरत

*

माळदरे,
२९ मार्च २०२५

चि. भरत यास,
आशीर्वाद.

पत्र पोचलं. वाचून घेतलं, दोनदा. पहिल्यांदा मला वाटलं माझ्या कानांचा दोष.

सोमनाथभाऊंना कळू देऊ नकोस म्हणतोस. बरं. मी माझ्या तोंडानं त्यांना यातलं काही सांगणार नाही, शब्द दिला. सत्काराला जा म्हणूनही सांगणार नाही. तुझ्या कंपनीनं बोलवावं, त्यांनी ठरवावं.

चुलीत घालायचं म्हणालास. गॅस आला त्याला आठ वर्षं झाली. चूल मोडली, तिथं आता कणगी आहे.

एकच विचारते. माणसाच्या पाठीमागे काय लिहिलंय ते त्याला दिसू द्यायचं नसेल, तर तो सत्कार कोणाचा?

चिमाबाई

*

पुणे,
१७ एप्रिल २०२५

ती. आत्यास,
सा. न.

काल कार्यक्रम उत्तम पार पडला. तू आली नाहीस म्हणून सरपंच चौकशी करत होते. मीही मुद्दाम आलो नाही. गावच्या माणसानं मागे राहिलेलं बरं, असं साहेबांचं मत.

आम्ही १४ एप्रिल सुचवला होता. काका म्हणाले, "त्या दिवशी हार एकाच फोटोला." म्हणून १६ ठरवला. बाकी कशालाच नाही म्हणाले नाहीत. आले, उभे राहिले, शाल घेतली. दोन शब्द बोला म्हटल्यावर "टपाल वाटायचं राह्यलंय" म्हणून खाली उतरले आणि सायकलला टांग मारली. व्हिडिओत तेच सगळ्यात छान आलंय.

फ्लेक्स रातोरात तीन लावले: आपल्या वेशीवर, पिंपरी पेंढारच्या रस्त्याला आणि बेल्ह्याच्या बाजारात. 'विश्वासाचा माणूस, विकासाच्या बाजूनं.' खाली काकांचा फोटो, मागे कंपनी. आज संध्याकाळपर्यंत पाठिंब्याच्या कागदावर एकशे चाळीस सह्या झाल्या. परवापर्यंत नऊ होत्या, त्यातल्या चार सरपंचांच्या घरच्या.

बघ, कोणाला दमदाटी नाही, कोणाला आमिष नाही, एक शब्द खोटा नाही. एका भल्या माणसाचा मान झाला आणि काम झालं. तुझ्या ऑपरेशनचं मेमध्ये नक्की करतो.

तुझा,
भरत

*

माळदरे,
२२ एप्रिल २०२५

चि. भरत यास,

आज आशीर्वाद शेवटी देईन, उरला तर.

मोहिनी जानेवारीपासून इथं राहत नाही. तिच्या नवऱ्यानं नारायणगावच्या टोमॅटो मार्केटला गाळा घेतला, सगळं बिऱ्हाड तिकडे गेलं. शेजारचं घर बंद आहे. तुझी पत्रं मला वाचून कोण दाखवतं आणि माझी उत्तरं कोण लिहितं, हे तू चार महिन्यांत एकदाही विचारलं नाहीस. तू पत्र धाडलंस, ते ज्यांनी आणलं त्यांनीच पायरीवर बसून वाचलं. हे जे तू आत्ता वाचतोयस ते अक्षरही सोमनाथभाऊंचं आहे.

हो. वीस मार्चचं पत्र त्यांनीच वाचलं. 'साधा माणूस आहे, शाल पडली की वाकेल', हेही वाचलं. लाइटचं बिल वाचतात त्याच आवाजात. 'त्यांना कळू देऊ नकोस' हे वाचून पान उलटलं. मला पायरीखाली जावंसं वाटलं. मी म्हटलं, "सोमनाथभाऊ, काय वाचलंत ते ऐकलंत ना?"

"म्या वाचलं. ऐकलं तुमी."

"आन् उद्या बोलवाया आले म्हंजी?"

"आले म्हंजी बगू."

आले. सावळेराम स्वतः गेला होता. मी म्हटलं, जाऊ नगा. तर मला म्हणतात, "का न्हाई जायचं? कारन काय सांगू? कारन तुमच्या पत्रात हाय. त्यातलं म्या भाईर काढलं, तर उंद्या कोन माज्या हातात पाकीट देईल?" मी म्हटलं, पोट दुखतंय म्हणा. तर म्हणाले, "दुखत न्हाई." असा माणूस. मी पुष्कळ बोलले, इतकं की शेवटी माझंच पोट दुखलं. ते गेले आणि उभे राहिले.

आता तुझ्या फ्लेक्सनं काय केलं ते ऐक. काल ते संपतचं बँकेचं पाकीट घेऊन गेले, तर संपतनं हात पुढे केला नाही. "ठिवा वट्ट्यावर" म्हणाला. अडतीस वर्षांत त्यांच्या हातून पाकीट न घेणारा पहिला माणूस. कोणी म्हणतं, त्यांची मुलगी कल्याणी मंचरला नर्स आहे, तिला कंपनीनं लावलं. ती तिथं सहा वर्षं आहे. कोणी म्हणतं, पोस्टातच काही शिजलं. सह्या करणारे म्हणतात, सोमनाथ हाय म्हंजी बरंच असंल. न करणारे म्हणतात, सोमनाथच फिरला, आता कोनाचं खरं धरायचं? दोघंही त्यांना येऊन विचारत नाहीत. फ्लेक्स बघतात आणि घरी जातात. मी म्हटलं, तुम्ही तरी सांगा लोकांना. म्हणाले, "इचारलं तर सांगीन. फोटू खरा हाय, म्या उभा व्हतो."

त्या माणसाच्या पिशवीतून कधी एक कार्ड हरवलं नाही. तू त्यांचं नाव हरवलंस, आणि ते तू माझ्या पत्रावरून शोधलंस म्हणून निम्मं मी.

तेव्हा नीट ऐक. फ्लेक्स उतरव. एक तारखेच्या ग्रामसभेला ये आणि उभा राहून सांग की सत्काराला खाण तू चिकटवलीस, सोमनाथभाऊंनी नाही. नाही आलास, तर तुझी पत्रं माझ्याकडे आहेत आणि ती माझी आहेत.

चिमाबाई

*

(रजिस्टर)
पुणे,
२५ एप्रिल २०२५

ती. आत्यास,

हे पत्र सोमनाथकाकांकडून वाचून घेऊ नकोस. हात जोडतो. बँकेतल्या मॅडम, मास्तर, कोणीही चालेल. म्हणूनच रजिस्टर केलंय, दुसऱ्या कोणाच्या हाती पडू नये म्हणून.

तुझं पत्र वाचल्यापासून ते अक्षर माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. पण तूच सांग, मी खोटं काय बोललो? फोटो खरा, शाल खरी, माणूस खरा. लोकांनी त्याचा जो अर्थ घेतला तो लोकांचा.

फ्लेक्स उतरवणं माझ्या हातात नाही, ते कंपनीचे आहेत. ग्रामसभेत आलो तर दुसऱ्या दिवशी नोकरी नाही. फ्लॅटचं सगळं माझ्या एकट्याच्या पगारावर आहे, अश्विनीची नोकरी डिसेंबरात गेली, हे तुला कळवलं नव्हतं. बाबा गेले तेव्हा मी सात वर्षांचा होतो. तू मला वाढवलंस. तुझ्या भावाच्या मुलाचं नाव तू चावडीवर नेणार नाहीस, एवढी माझी खात्री आहे. तरी लिहितो: नेऊ नकोस.

तुझा,
भरत

*

माळदरे,
३ मे २०२५

चि. भरत यास,
आशीर्वाद.

तुझं रजिस्टर अठ्ठावीसला आलं. सोमनाथभाऊंनी माझा अंगठा घेतला आणि पाकीट फोडलं. पहिली ओळ वाचून थांबले. "फुडं वाचू का? धाडनारा नगं म्हनतोय."

मी म्हटलं, "पत्र कुनाचं?"

"तुमचं."

"मग वाचा."

वाचलं. अश्विनीचं वाचताना आवाज जरा खाली आणला. तेवढं त्यांनी मला न विचारता केलं.

एक तारखेला अकराच्या एसटीला मी फाट्यावर जाऊन बसले. तुझी चालण्याची ढब मला धुक्यातूनही ओळखू येते. चौघं उतरले. त्यात तू नव्हतास.

ग्रामसभेत सावळेरामनं ठराव वाचला. म्हणाला, "येकशे चाळीस सह्या हायेत. आन् सोमनाथभाऊ बी आपल्या संगं हायेत, फोटू समद्यांनी पाह्यलाय." सोमनाथभाऊ मागे दाराशी बसले होते. संपत उठला. म्हणाला, "फोटूला न्हाई इचारत. सोमनाथभाऊ, तुमी सांगा. खान व्हावी म्हनून तुमी गेलते का?"

"न्हाई," सोमनाथभाऊ म्हणाले.

सभा हलली. पण सावळेराम तयार होता. तीस वर्षांपूर्वीचं पत्र त्याच्या पोटात अजून आहे. म्हणाला, "मग शाल घेतली कशाला? हितं कंपनीचा कार्येक्रम हाय, ह्ये तवा ठावं नव्हतं व्हय?"

भरत, आता या माणसाचं बघ. 'ठावं नव्हतं' एवढं म्हणाले असते तर सुटले असते. पण ठाऊक होतं, कारण तुझं पत्र त्यांनीच वाचलं होतं. खोटं बोलता येत नाही, आणि खरं बोलायला पत्र त्यांचं नाही. ते गप्प बसले. मान खाली नाही, वरही नाही. सारी सभा त्यांच्याकडे बघत होती आणि प्रत्येक जण त्या गप्प बसण्यात आपापलं घालत होता. मागून कोणीतरी म्हणालं, "खाल्लं म्हनायचं राव."

मी उठले. पिशवीतून तुझं वीस मार्चचं पत्र काढलं. म्हटलं, "सोमनाथभाऊ, ह्ये माज्या भाच्याचं पत्र हाय. मला दिसत न्हाई. समद्यांना ऐकू जाईल आसं वाचा."

ते म्हणाले, "चिमाबाई, अख्खं वाचावं लागंल."

"अख्खं वाचा."

त्यांनी चष्मा पुसला आणि वाचलं. शाल पडली की वाकेल, हे आलं तेव्हा एक जण हसला आणि एकटाच हसला. एका फोटोत दोन वस्त्या, हे आलं तेव्हा दोन्ही वस्त्यांची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. आपण तराजूत एकाच पारड्यात होतो हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. मला सगळ्यात लागलं ते कंसातलं. 'झऱ्याचा परिच्छेद सोडून.' संपतनं ते पुन्हा वाचायला लावलं. शेवटी 'तुझा, भरत' आलं, तेही वाचलं. तेवढं वाचू नका असं मला म्हणता आलं असतं. मी नाही म्हटलं. ज्या कागदावर दुसऱ्याचं नाव विकलं, त्याच्या खालचं नाव लपवायला मला जमलं नाही.

ठरावाच्या बाजूनं अकरा हात वर झाले, त्यातले दोन सावळेरामचे. ठराव पडला.

काल संपतनं रस्त्यात उभं राहून त्यांच्या हातून पाकीट घेतलं. चहाला थांबा म्हणाला. ते म्हणाले, "वस्तीवर जायचंय." पण सगळं गोड झालं असं समजू नकोस. चार घरांनी माझ्याशी बोलणं टाकलंय, घरातलं पत्र चावडीवर नेलं म्हणून. आणि आक्काबाई कालच पाण्यावर म्हणाली की आता सोमनाथकडून पत्र वाचून घ्यायचं म्हणजे विचार करायला हवा. सोमनाथभाऊंनी ऐकलं. म्हणाले, "करावा. पत्र त्यांचं हाय."

तुझं नाव गावात मी मोडलं. ते माझ्या हातून झालं, ज्यांनी वाचलं त्यांच्या नाही. बरोबर केलं का, मला ठाऊक नाही. जेवण गोड लागत नाही एवढं खरं. नोकरी गेली असेल तर दोघं इकडे या. तुला इथं कोणी मारणार नाही. सगळे अगदी नीट बोलतील, ते तेवढं सोस.

तुझी आत्या,
चिमाबाई

*

पुणे,
१० मे २०२५

श्री. सोमनाथकाका यांस,
स. न.

हे पत्र तुमच्या नावावर आहे, आत्याच्या नाही.

माफी मागायला सुरुवात तीनदा केली आणि तीनदा कागद फाडला. शब्द जुळवणं हाच माझा धंदा, त्यामुळे माझे शब्द मलाच खरे वाटत नाहीत. तेव्हा माहिती तेवढी लिहितो.

माझी नोकरी गेली नाही. साहेब रागावलेसुद्धा नाहीत. त्यांनी मीटिंग घेतली आणि फळ्यावर लिहिलं: 'पुढच्या गावात आधी पत्रं कोण वाचतं ते शोधा.' सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. मीही.

पुढचं गाव कुरणदरे, ता. आंबेगाव. भीमाशंकरच्या रस्त्याला आत आहे. काम तेच, डोंगर दुसरा. तिथं साळुबाई म्हणून म्हाताऱ्या सुईण आहेत. अर्धं गाव त्यांच्या हातावर जन्मलं, लोक त्यांना विचारल्याशिवाय विहीरही खणत नाहीत. २८ मे रोजी त्यांचा 'मातृसेवा गौरव' आहे. पडदा पाठीमागेच असणार. आखणी माझी आहे, आठ दिवसांपूर्वी मीच करून दिली.

हे त्या बाईंना कोणीतरी आधी सांगायला हवं. मी सांगितलं तर विश्वास कोण ठेवणार? तुमच्यावर ठेवतील. तुम्ही जाल का?

आपला,
भरत

*

माळदरे,
१४ मे २०२५

श्री. भरत यांस,
स. न. वि. वि.

पत्र मिळाले.

मला माळदरे आणि भोवतालच्या सात वस्त्यांत लोक ओळखतात. कुरणदऱ्यात कोणी ओळखत नाही. तिथे माझ्या शब्दाला काही किंमत नाही आणि ती आहे असे दाखवून मी उभा राहणार नाही. एकदा उभा राहिलो तेवढे पुरे.

पत्र मात्र नेता येईल, ते माझे आहे. रविवारी २५ तारखेला मला सुट्टी आहे. साळुबाईंना आणि आणखी जे बसतील त्यांना वाचून दाखवीन. लोक पहिले विचारतील, हे लिहिले कोणी? त्या पत्रात खरे धरण्यासारखे एवढेच आहे की ज्याने आखणी केली त्यानेच ते लिहिले आहे. म्हणून सही वाचावी लागेल. तुमचे नाव, गाव, आणि नोकरी कुठे तेही विचारतील. मला ठाऊक आहे तेवढे सांगीन.

असे वाचले तर तुमचे काय होईल हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळते. नको असेल तर शनिवार २४ तारखेच्या आत लिहा. मग मी जाणार नाही आणि पत्रात काय होते ते मला माहीत नाही.

चिमाबाईंचे डोळे नारायणगावच्या डॉक्टरांनी तपासले. पुढच्या महिन्यात करतो म्हणाले.

सोमनाथ

*

(पोस्टकार्ड)
पुणे,
१९ मे २०२५

सोमनाथकाका,

सहीसकट वाचा.

भरत